बर्फातला तांबडा गाभा

आमच्या बंदराजवळ बर्फाचा कारखाना निघाला, तेव्हा मी हायस्कुलात प्रयोगशाळा सांभाळत होतो. कारखान्याच्या विहिरीचं पाणी काढताना काचेसारखं दिसे. पण जांभ्याच्या खडकातलं ते पाणी, त्यात लोखंड मुरलेलं. लादी गोठली की मधोमध तांबूस गाभा उतरे. असला बर्फ घ्यायला लोक तयार होईनात. कारखान्याचे मालक शेटजी आमच्या विज्ञानाच्या मास्तरांकडे आले आणि मास्तरांनी मला पाठवलं. मी त्यांचाच विद्यार्थी. वडील गेल्यावर फी माफ करून त्यांनीच मला मॅट्रिकपर्यंत नेलं होतं.

तो सबंध उन्हाळा शाळा सुटली की मी त्या विहिरीवर. नुसतं गाळून काही होईना, कारण विरघळलेलं लोखंड वाळूतून सरळ निघून जाई. मग रॉकेलच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडली, आत कोळसा भरला, डबे एकावर एक रचले आणि पाणी वरून धारेने सोडलं. वारा लागला तसं लोखंड गंजून ते गढूळलं. चुन्याची थोडी निवळी घातली, टाकीत रात्रभर स्थिर ठेवलं. सकाळी तळाशी गंजासारखा गाळ आणि वर नितळ पाणी! ते वाळूतून गाळून लादी केली, तर आरपार हात दिसला. मी धावत मास्तरांकडे गेलो. त्यांनी सगळं विचारून वहीत उतरून घेतलं. मला वाटलं, कौतुकानं.

आठ दिवसांनी कारखान्यात सत्कार झाला. शाल मास्तरांच्या खांद्यावर. भाषणात ते म्हणाले, "ही युक्ती मला पुष्कळ दिवसांपूर्वीच सुचली होती. डबे-बिबे रचायला आमचा हा मुलगा होता." लोक हसले. मीही हसलो, कसा कोण जाणे.

परतताना मी विचारलं, "मास्तर, असं का सांगितलंत?"

ते शांतपणे म्हणाले, "अरे, तुझं नाव घेतलं असतं तर शेटजींचा भरवसा बसला असता का? आणि तुला शिकवलं कुणी?"



पावसाळा सरता सरता गाळायची वाळू तुंबली. मास्तरांना काही उमगेना. त्यांनी शिपाई धाडला. मी गेलो. खालून उलटं पाणी सोडून वाळू कशी धुवायची, हे शेटजींच्या देखत कामगारांना शिकवलं. शेटजी मास्तरांकडे बघत म्हणाले, "हे तुम्ही नाय सांगितलात?" मास्तर विहिरीत डोकावून पाहत राहिले.

त्यांची फजिती पाहून मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पुढल्या महिन्यात मी शाळेतली नोकरी सोडली आणि बोटीने मुंबई गाठली. जाताना त्यांना सांगितलंसुद्धा नाही.