दुखवट्याच्या वर्षात तोंडाला रंग

अण्णांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि मी तोंडाला रंग लावणार होते. आमच्याकडे दुखवट्याच्या वर्षात सणालासुद्धा कढई चढत नाही. पण हे नाटक अण्णांचंच, माझ्या वडिलांचंच होतं.

तीर्थपुरीत घरोघरी म्हातारी माणसं आणि पोरं एकमेकांशी तुटक बोलू लागली होती. आमचंही घर त्यातलंच. आमच्याकडेच राहणारी माझी भाची, अण्णांची नात, पुण्याला शिकायला जायचं म्हणाली, तेव्हापासून अण्णा तिच्याशी धड बोलत नव्हते. थेट बोलता येईना म्हणूनच त्यांनी नाटक काढलं असावं. नियम एकच: म्हाताऱ्यांनी पोरांची कामं करायची, पोरांनी म्हाताऱ्यांची, आणि घरात खरोखर बोललेलीच वाक्यं बोलायची. अण्णा भाची होणार होते आणि भाची अण्णा.

ते गेल्यावर भाचीचं काम मी घेतलं. काका, अण्णांचे धाकटे भाऊ, दारातच उभे राहिले.

"वर्ष सरू दे, मंग नाचा. लोकं काय म्हणून राह्यले, येतं का कानावर?"

"येतं. त्यांनाही बोलावलंय मी."

"लई वाचलं की असंच होतं बघ."

प्रयोग शाळेच्या पडवीत, दुपारी चारला होता. काका आले, पण बसले नाहीत. चपला न काढता फाटकाशी उभे राहिले, म्हणजे आले असं कुणाला म्हणता येऊ नये.

भाची अण्णांचं धोतर नेसून, त्यांचा चष्मा लावून पेपर वाचत बसली होती. मी तिची ओढणी घेतली होती.

"आबा, मला पुण्याला जायचंय."

तिनं पेपरातून मान वर केली नाही. "शिकून काय दिवे लावणार हाईस?"

लोक हसले. तेवढ्यात फाटकातून काकांचा आवाज आला, "खोटं हे! मला दादा म्हणले व्हते, पोरगी हुशार हे, तिला बिलकुल अडवायचं न्हाई."

भाचीनं चष्मा काढला. "तुम्हाला म्हणाले असतील, लहान आबा. मला दिवेच म्हणाले."

आता कुणी हसलं नाही. पुढचं वाक्य माझं होतं. ते मला आठवेना. मी अण्णांवर इतकी कधीच चिडले नव्हते, ते असतानाही नाही.

काकांनी चपला काढल्या. पडवीत येऊन भाचीला म्हणाले, "सरक." खुर्चीत बसले, पेपर हातात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. "विचार पुन्हा."

मी विचारलं. त्यांनी 'पोरगी हुशार हे' हे अण्णांचं वाक्य म्हटलं, पण माझ्याकडे बघून नाही, भाचीकडे बघून. मग पेपर तोंडासमोर धरला तो बराच वेळ खाली घेतला नाही.

प्रयोग संपल्यावर नळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "आता तरी तोंड धू. बाजारातून जायचंय."

"माहीत आहे, काका," मी म्हणाले, आणि तशीच निघाले.