बायांच्या बाजूचा वाचणारा

मूकपट चांगला की बोलपट, यावर अमरावतीत माझ्याशी वाद घालायला आता कोणी बसत नाही. मी मूकपटवाला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. बोलपटातली बाई तापानं फणफणलेली असते, शेवटचे श्वास मोजत असते आणि तरी चार कडव्यांचं गाणं पुरं करते. मला ते पटत नाही. मूकपटातल्या बाईची नुसती हनुवटी थरथरायची, आमचा पेटीवाला पेटी थांबवायचा, आणि सारं थेटर नाकं ओढायला लागायचं. घोड्यांचंही तेच. तेव्हा घोडे धावायचे. आता नायक घोड्यावर बसून बोलत राहतो आणि घोडं बिचारं उभं.

ही मतं माझी खरीच आहेत. पण मूकपटाची मी एवढी बाजू का घेतो, ते मात्र आजवर घराबाहेर कोणाला सांगितलं नाही. त्या मूकपटांतल्या एकाचा शेवट मी बदलला होता.

आमच्या पत्र्याच्या थेटरात मधोमध कनात असायची. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बाया. पडद्यावर अक्षरं यायची ती हिंदीत आणि गुजरातीत. बायांत वाचता येणारी एखादीच. म्हणून कनातीला लागून कोणाच्या तरी घरचा शिकलेला माणूस बसायचा आणि पात्रं काय बोलली ते बायांना मोठ्यानं वऱ्हाडीत सांगायचा. रविवारी तीनच्या खेळाला हे काम माझ्याकडे होतं. पुरुषांच्या बाजूचा वाचणारा वेगळा, पण पेटीच्या आणि शिट्ट्यांच्या गोंधळात इकडचं तिकडे काही ऐकू जायचं नाही. मी चुकलो तर बाया सोडायच्या नाहीत. "बोल न भाऊ लवकर, तो मेला का जित्ता हाये?"

त्या बायांत माझी थोरली बहीण असायची. अक्काचा नवरा लग्नानंतर तीन वर्षांत गेला आणि ती आमच्या मळ्यात परत आली. पुढे दुसऱ्या मुलीच्या वेळी माझी बायको गेली. तेव्हापासून दोन्ही पोरी अक्काच्या पदराखाली वाढल्या. मळ्यातली भाजी तीच तोडायची, बाजारात तीच बसायची, आणि मी सिनेमे पाहायचो.

आम्हा माळ्यांत विधवेचा पाट लागतो, दुसरं लग्न होतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात फुलांचं दुकान असलेल्या एका विधुरानं अक्काला मागणी घातली. माणूस चांगला होता. घरी आला तेव्हा अक्कानं त्याला दोनदा चहा दिला, एवढ्यावरून मी काय ते समजलो. निरोप सोमवारी द्यायचा होता. शनिवारपर्यंत ती कोणाशी काही बोलली नाही.

त्या आठवड्यात लागलेल्या सिनेमात भावाच्या घरी राहणारी एक विधवा होती. नदीपलीकडचा एक नावाडी तिला सोबत चल म्हणतो. शेवटी ती धावत काठावर येते, त्याला काही सांगते, अक्षरं येतात, आणि मग एकदम दूर गेलेली नाव दिसते. नावेत एक माणूस की दोन, ते त्या झिजलेल्या फितीत कोणालाच कळलं नसतं.

अक्षरं होती : "थांबा, मी येते."

रविवारी, अक्का बायांत बसलेली असताना, मी वाचलं, "तुमी जा. माह्या भावाच्या लेकरायले कोन हाये?"

तोंडातून निघून गेलं, असं म्हटलं तर मला सोपं जाईल. पण मी तो खेळ शनिवारीच पाहिला होता. काय वाचायचं ते रात्री ठरवलं होतं. वाक्य दोनदा घोळवूनही पाहिलं होतं. बाया हुंदके द्यायला लागल्या. वाचता येणारी एक मास्तरीण वळून माझ्याकडे बघत राहिली. मी पुढची अक्षरं वाचली.

सोमवारी अक्कानं नाही कळवलं. सिनेमामुळे असं कोणी करतं का, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बरीच वर्षं ती पुरली.

मग माझ्या थोरल्या पोरीचं लग्न होऊन ती अकोल्याला गेली. अक्का आणि मी तिला भेटायला गेलो, तेव्हा तिथे तीच कथा बोलपट होऊन आली होती. मी टाळत होतो. अक्काच म्हणाली, चल. एव्हाना बहीणभाऊ शेजारी बसू लागले होते. पडद्यावरची बाई स्पष्ट आवाजात म्हणाली, थांबा, मी येते, आणि नावेत बसली.

परतताना मोर्णा नदीच्या पुलावर अक्का म्हणाली, "या बोलपटवाल्यायनं गोठ बिघडवली."

"काहून?"

"हे बाई गेली न निंगून. आपल्या वाल्यातली नव्हती गेली, लेकरायसाठी राह्यली होती. तिच्याकडं पाहूनच मी अकोलेवाल्याले नाही म्हनलं. तुह्यं बराबर हाये भाऊ, पहिलेचेच सिनेमे चांगले."

तेव्हाही मी तिला खरं सांगितलं नाही. यंदाच्या थंडीत, मळ्यात मेथीच्या जुड्या बांधताना, शेवटी सांगितलं. रात्री घोळवलेल्या वाक्यासकट सगळं.

अक्कानं हातातली जुडी खाली ठेवली. तिनं विचारलं, "तिथं खरंच येते म्हनून लिवलं होतं?"

"हो."

"अन् तुले मी पाह्यजे होती."

"हो."

"मंग तोंडानं काहून नाही मांगतलं? अक्का, नको जाऊ, एवढं म्हनाचं होतं. मी राह्यली असती." तिनं जुडी उचलली. "पन मी राह्यली असती. त्या सिनेमातली बाई नाही."

 

चार दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. गेल्या रविवारी धाकटीला घेऊन सिनेमाला गेली, मला चल म्हणाली नाही. संध्याकाळी परत आल्यावर चुलीपाशी बसून, मी न विचारता, तिनं मला सगळी गोष्ट सांगितली. मध्येच एकदा अडखळली, पुन्हा मागे गेली. मी तो सिनेमा पाहिलेला नाही, आणि पाहणारही नाही. तिनं सांगितलं तसंच त्यात घडलं, असं मी धरून चाललो आहे.