गार संच

कोरीटजवळच्या टेकडीवर आमचं मोजणी केंद्र होतं. ताऱ्यांवरून जागेचं स्थान काढायचं, तर रेडिओवरचे वेळेचे ठोके लागायचे, आणि रेडिओ सारखा बिघडायचा. मग नंदुरबारहून एक मेकॅनिक यायचा, चढावर सायकल ढकलत, धापा टाकत. झाकण काढून चालू रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हजवळ तळवा धरायचा. मी घाई केली की म्हणायचा, "दम धरा साहेब, हाऊ सांगी ऱ्हायना." म्हणजे, हा सांगतोय. गार राहिलेला, म्हणजे बंद पडलेला व्हॉल्व्ह तो अचूक उपटायचा.

पुढे ट्रान्झिस्टरचा नवा संच आला. त्यानंच बसवला. ठोके स्वच्छ आले. सवयीनं त्यानं तळवा धरला. आत काहीच तापत नव्हतं. तरी बराच वेळ धरून राहिला.

"हाऊ मन्हासंगे बोलत नही," म्हणाला.

जाताना सबंध उतार तो सायकल हातात धरून चालत गेला.