धुवायचे राहिलेले फोटो

तो फोटो मी काढला की अक्कांनी, हे मला आजही कळत नाही.

अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. धुळ्यातली आमची सगळी गल्लीच त्यांना अक्का म्हणायची. मी नरडाण्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर टायपिंग करायचे. नव्वदीच्या शेवटी साहेबांनी तिथे डिजिटल कॅमेरा आणला, यंत्रांचे मोडके भाग मुंबईला दाखवायला. चांगला विटेएवढा जड. रोल नाहीच, पोटात फ्लॉपी सरकवायची. बाकीचे त्याला हात लावायला घाबरत, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. घाबरत मीही होते, पण माझं ऐकतो कोण!

एकदा झिजलेल्या बेअरिंगचा फोटो काढता काढता मी त्याच्या सावलीकडेच बघत बसले. साहेब म्हणाले, "बाई, बेअरिंग दिसू द्या की." लाज वाटली. तरी त्या शनिवारी मी कॅमेरा घरी मागून नेला, आणि मग दर शनिवारी.

काय काढायचे मी? ताटलीतली कळण्याची भाकरी. पांझरेच्या कोरड्या पात्रात वाळत घातलेली गोधडी. कापूस वेचून झाल्यावरची उघडीबोडकी शेतं. गच्चीत खाटेवर वाळणाऱ्या ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे आमच्याकडचे पापड. माणूस एकही नाही. अक्का कपाळाला हात लावायच्या. "बिबड्यास्ना फोटू? काय करी ऱ्हायनी व माय!" मी चिडायचे, कारण उत्तर मलाही येत नव्हतं. छान दिसतं म्हणून काढते, बस्स. पण छान म्हणजे काय? ही कला आहे की नुसतं खूळ?

शेवटी म्हटलं, एकदाचा सोक्षमोक्ष लावूया. जळगावला चित्रकलेचे एक सर प्रदर्शन भरवणार होते. त्यांना पत्र टाकलं, त्यांनी सोमवारी बोलावलं. त्यांनी नाही म्हटलं तर कॅमेरा पुन्हा म्हणून घरी आणायचा नाही, असं मी मनाशी ठरवूनच टाकलं. फ्लॉपीतले बाकीचे फोटो पुसून बारा ठेवले. दुसरी प्रत काढून ठेवावी एवढी अक्कल तेव्हा कुठे होती!

रविवारी सकाळी अक्कांनी विचारलं, "कोठे शेतस तुन्हा फोटू?" मी फ्लॉपी दाखवली. त्यांनी तो काळा चौकोन उलटसुलट करून पाहिला. आता त्यांना काय समजावणार? माझे हात कणकेत होते. रोल धुवायला टाकायची इतक्या वर्षांची सवय, तोंडातून निघून गेलं, "अजून धुवायचेत, अक्का." आणि स्वयंपाक आवरून मी बाजारात गेले.

परत येऊन बघते तर गच्चीतल्या दोरीवर, माझ्या ब्लाउजशेजारी, चिमटा लावून फ्लॉपी लटकतेय. पाणी ठिबकतंय.

"तुले येळ नव्हता ना माय," अक्का म्हणाल्या. "मी धुई टाकात. साबन लाईसन."

मी ओरडले. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा त्यांच्यावर ओरडले. आणि मग गप्प झाले, कारण धुवायचेत असं मीच तर म्हटलं होतं. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत.

सोमवारी रजा टाकली होती म्हणून गेले, एवढंच. सरांच्या कॉम्प्युटरमध्ये फ्लॉपी बराच वेळ घरघरली. अकरा फोटो उघडलेच नाहीत. बारावा उघडला तो बिबड्यांचा, तोही अर्धा. वर खाट, ऊन, बिबड्यांची रांग, आणि मध्येच कापल्यासारखं होऊन खाली नुसता राखाडी रंग. मला रडूच यायला लागलं. सर मात्र खुर्ची पुढे ओढून बघत राहिले.

"अर्धं चित्र रिकामं सोडायचं धाडस तुम्हाला सुचलं कसं?" ते म्हणाले. "हाच लावू."

घ्या! खरं सांगावं तर फोटो जातो. नुसती मान हलवली, आणि त्या हलवलेल्या मानेची मला अजून लाज वाटते.

प्रदर्शनाला अक्का हट्टानं आल्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, एसटीत माझ्या शेजारी बसून. फोटोजवळ गेल्या. राखाडी भागावरून बोट फिरवलं. वळल्या तेव्हा डोळे भरलेले होते.

"मन्हा हातथून अर्धाच धुवायना व माय. बठ्ठा निंघना नही."

सरांनी विचारलं, "काय म्हणतायत आजी?"

या वेळी मी सांगून टाकलं. "सर, हा फोटो यांनी धुतलाय. साबण लावून."

सर मोठ्यानं हसले. "छान बोलता हो तुम्ही," म्हणाले आणि दुसऱ्या पाहुण्यांकडे वळले.

मग मला काही येत होतं की नव्हतं? पुढच्या शनिवारी मी साहेबांच्या टेबलापाशी उभी राहिले, कॅमेऱ्याकडे बघितलं आणि तशीच बस पकडली. घरी आले तर अक्कांनी खाट गच्चीत उन्हात ओढून ठेवलेली, तिच्यावर ताज्या बिबड्या ओळीनं घातलेल्या.

"काढ," त्या म्हणाल्या. "आते मी हात नही लावसू."

मी रिकाम्या हातांनी आले होते.