टेप लावला की अहिराणी गप्प!

बोरसे सर जळगावच्या कॉलेजात मराठी शिकवायचे आणि सुट्टीत अहिराणीचं व्याकरण लिहायचे. मी त्यांचा ज्युनियर, म्हणजे टेपरेकॉर्डर सांभाळणारा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. व्याकरणाची वही अर्धीच राहिली, पण किस्से एवढे साठले की चहाला बसलं की एखादा सांडतोच!

*

पाचोऱ्याजवळ एका शेतात नाना भेटले. बैलांशी झकास अहिराणी चाललेली. आम्ही बटण दाबलं मात्र, नानांनी टोपी सारखी केली, खाकरले आणि सुरू झाले, "सदर गाव हे नदीकाठी वसलेले असून..." थेट आकाशवाणी!

"नाना, घरी बोलता तसं बोला ना," सर काकुळतीला आले.

"घरमा मी बोलसच नही. तीच बोलस!"

दिवसभरात तेवढं एकच वाक्य अस्सल मिळालं.

*

मग माझ्याच डोक्यातून सावद्याला जायची टूम निघाली. तिथल्या भाऊंनी सगळे प्रश्न शांतपणे ऐकले. "अहो सर, अहिराणी तिकडे पश्चिमेला. आमची बोली वेगळी! पण आलाच आहात तर जेवून जा."

भरीत-पुरी हादडून, केळीच्या दोन फण्या घेऊन परतलो. शब्द शून्य! सर रस्ताभर माझ्याशी बोलले नाहीत, केळी मात्र खात होते.

*

सरांचं खरं दुखणं घरातच होतं. गावी त्यांची आई असायची, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो. सर प्रोफेसर झाले तेव्हापासून अक्का त्यांच्याशी शुद्ध मराठीत बोलायच्या. "जेवण झाले का तुमचे?" पोटच्या पोराला!

"गावोगाव बोली शोधत फिरतो," सर एकदा मला म्हणाले, "आणि माझीच माय माझ्याशी पाहुण्यासारखी बोलते रे." मला फार वाईट वाटलं.

*

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांच्या गावी गेलो, गिरणाकाठी. त्या दिवशी दोन्ही काठांवरच्या बाया समोरासमोर जमून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. राग कुणी धरायचा नाही. अक्का आपल्या बाजूला गप्प उभ्या होत्या. तेवढ्यात पलीकडच्या एकीला टेपवाले सर दिसले.

"तो चष्मावाला बोका कोना वं?"

झालं! अक्कांनी पदर खोचला. "मना पोऱ्याले बोका म्हनस का वं!" अशी जी सुरुवात केली, ती अर्धा तास! एक शिवी दुसऱ्यांदा आली असेल तर शपथ.

सर आ वासून ऐकत होते. "सर, टेप!" मी कुजबुजलो. त्यांना ऐकूच गेलं नाही.

धाप लागली तशा अक्का मागे वळल्या आणि सरांवरच ओरडल्या, "काय देखी ऱ्हायना? तुले तोंड नही का?"

सरांनी टेपरेकॉर्डर माझ्या हातात कोंबला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरले!