डोळे मिटलेली सीताफळं

धाकटी बहीण दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आली की आमच्या अण्णांचे गुडघे दुखायचे थांबतात. एरवी त्यांना दवाखान्यात नेणारी मी, गोळ्या आणून देणारी मी. पण तिनं "अण्णा, डोंगरावर जायचं का?" असं विचारायचा अवकाश, म्हातारा पहाटेच काठी घेऊन दारात उभा. दुरून डोंगर साजरे म्हणतात, आमच्या घरात लेकींचंही तसंच आहे.

त्या दिवशी आम्ही तिघं धारूरच्या अलीकडचा डोंगर चढलो. तिच्या पायात नवे कोरे ट्रेकिंगचे बूट, माझ्या पायात रोजची चप्पल. अण्णा तिला हात देत पुढं, मी पिशवी सांभाळत मागं. मी घसरले तर म्हणाले, "कावून घाई करती? नीट बघून चाल की." ती घसरली तेव्हा मात्र, "लागलं का गं माय?" माझा नुसता जळफळाट झाला.

वर सीताफळं लगडली होती. आमच्याकडं सीताफळ तोडताना त्याचे डोळे बघतात. खवल्यांमधल्या भेगा रुंदावून पांढुरक्या झाल्या की डोळे उघडले म्हणायचं, आणि तेच तोडायचं. डोळे मिटलेलं तोडलं तर ते पिकत नाही, काळं पडून दगड होतं. यात अण्णांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नाही, आणि त्याचा त्यांना गर्वही आहे. निवडून निवडून त्यांनी डझनभर फळं काढली.

"ही समदी हिला. पुण्याला न्यायला."

"आणि मला?"

"तुला काय, तू हितंच हायस."

उतरताना दोघं गप्पा मारत पुढं गेले. मी झाडाआड थांबले आणि डोळे मिटलेली डझनभर फळं ओरबाडली. घरी आल्यावर तिच्या खोक्यात कागदात गुंडाळून तीच भरली. अण्णांनी निवडलेली मी दोन गल्ल्या पलीकडं माझ्या घरी नेली. तीन दिवसांत पिकली. एकटीनं खाल्ली, आणि खोटं कशाला बोलू, गोड लागली.

आठवड्यानं तिचा फोन आला तेव्हा मी अण्णांपाशीच होते. फोन स्पीकरवर होता. "अण्णा, एकही पिकलं नाही हो, सगळी काळी पडली," ती हसत म्हणाली आणि दुसऱ्याच विषयावर गेली.

फोन ठेवल्यावर अण्णांनी चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला.

"पुढल्या साली तू चल माझ्यासंग," ते म्हणाले. "फळं तूच निवड. मला दिसंना गेलंय आता."

त्यांनी असं मला सोबत बोलवावं म्हणून मी जन्मभर आसुसले होते. खरं सांगायला तोंड उघडलं, आणि "बरं, अण्णा" म्हणाले.