चाकाची हजेरी

रोड बाईक, म्हणजे बारीक टायरची हलकी सायकल, घेतली की वाटतं, झालं, आता फक्त चालवायची. तसं नसतं. आधी पेडल बदला, मग सीट, मग टायर, मग दिवा, आणि प्रत्येक बदलाला एक किस्सा चिकटतो. आमच्या रविवारच्या टोळीचे किस्से तर रफीकभाईंच्या दुकानातल्या सुट्या भागांच्या डब्यासारखे झालेत. एक काढायला हात घालावा, तर चार अडकून बाहेर येतात.

टोळी चौघांची. साठी ओलांडलेले वामनभाऊ, कोळशाच्या खाणीत जन्मभर ड्रिल मशीन चालवून निवृत्त झालेले. राजुऱ्यात सायकलचं दुकान असलेले रफीकभाई. बँकेत नोकरी करणारा प्रणय, जो इंटरनेटवर दिसेल ते मागवतो. आणि मी सुजाता. दवाखान्याच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासते, माझं स्वतःचं मात्र लवकर तापतं.

दर रविवारी उजाडता उजाडता बल्लारपूरच्या नाक्यावर भेटायचं आणि कोठारीच्या जंगलातून गोंडपिपरीला जाऊन यायचं. या जंगलात वाघ आहे हे आमच्याकडे कुणी मुद्दाम सांगत नाही. रविवारी निघताना घरचे फक्त विचारतात, "कितीजण हाये आज?"



पहिला किस्सा प्रणयच्या चाकाचा.

पायडल मारणं थांबवलं की रोड बाईकच्या मागच्या चाकातून टर्र असा आवाज येतो. चाकाच्या मधल्या हबमधून येतो तो. प्रणयने असा महागडा हब मागवला की आवाजच नाही. तळहातावर मिरवावं तसं त्याने ते चाक आम्हाला दाखवलं.

त्या रविवारी जंगलात आम्ही बोलत पुढे निघालो आणि प्रणय शेवटी होता. बऱ्याच वेळाने रफीकभाईंनी मागे पाहिलं तर रस्ता रिकामा. आम्ही परत फिरलो. तो पंक्चर टायर हातात घेऊन रस्त्याच्या मधोमध उभा होता, कडेला बसायचीही हिंमत झाली नव्हती त्याची. रफीकभाईंनी चाक फिरवून कान लावला आणि म्हणाले, "ह्ये चाक मुकं हाय. शहरात चालवा. इथी बोलनारं चाक पायजे."

प्रणयने चाक बदललं आणि तेव्हापासून आमची हजेरी सुरू झाली. जंगलात प्रत्येक किलोमीटरच्या दगडापाशी पुढच्याने हात वर करायचा. मागच्यांनी एकेक करून पायडल थांबवायचं आणि टर्र असा आवाज द्यायचा. पुढचा ऐकतो, मोजतो आणि ओरडतो, "सगळे!" हे ऐकल्याशिवाय कुणाचाही जीव भांड्यात पडत नाही. ऐकायचं काम वामनभाऊंचं, कारण पुढे कायम तेच. बाकीच्यांनी फक्त आपला आवाज द्यायचा आणि खड्डे पाहायचे.

लोक हब घेताना वजन बघतात. आम्ही रफीकभाईंच्या दुकानात चाक फिरवून डोळे मिटून ऐकतो.



मग प्रणयने बूट अडकवायचे पेडल घेतले. यात बूट पेडलला खटकन बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. सुटतो म्हणजे, व्हिडिओत सुटतो.

एका वळणावर रानगवा उभा. पुरता रस्ता अडवून. आम्ही तिघं पाय टेकवून थिजलो. प्रणयने ब्रेक दाबला, टाच वळवली, परत वळवली आणि सायकलसकट आडवा झाला, थेट गव्याच्या पुढ्यात. हलता येईना, कारण दोन्ही पाय पेडलला बांधलेले. गव्याने मान खाली घालून त्याला हुंगल्यासारखं केलं. मग गवा वळला आणि सागात शिरला.

वामनभाऊंनी प्रणयचे पाय सोडवले. तो उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "त्यालेच दया आली." पुढच्या रविवारी त्याच्या सायकलला साधे पेडल होते.



जिवतीच्या घाटाचा किस्सा मात्र हसत सांगता येत नाही.

आम्ही उतरत होतो. मागून भरलेला ट्रक हॉर्न देत आला. आम्ही तिघं कडेला झालो. वामनभाऊ रस्त्याच्या मधूनच चालले होते, निवांत. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. रफीकभाई जिवाच्या आकांताने ओरडले. ट्रक शेवटी भाऊंच्या कोपराला घासल्यासारखा गेला आणि ते डगमगत मातीत उतरले.

मी खूप चिडले. "भाऊ, हॉर्न आयकू नाई आला काय तुमाले?"

"आला नं," भाऊ म्हणाले. "वाटलं, जाईन बाजूनं."

मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय. घरी येऊन नवऱ्याजवळही मी तसंच बोलले.



पुढच्या रविवारी भाऊंच्या हँडलला आरसा. चांगला तळहाताएवढा, गोल. रोड बाईकला कुणी आरसा लावत नाही. इथे माणसं वजन वाचवायला बाटलीतलं पाणी कमी भरतात, आणि हा बाबा काच घेऊन निघालेला.

"भाऊ, दाढी करा लागते काय रस्त्यानं?" मी विचारलं.

भाऊ हसले. सगळे हसले की भाऊ हसायचे.

महिनाभराने प्रणय दिवसाढवळ्या हँडलवर झगझगीत पांढरा दिवा लावून आला. मी म्हटलं, "प्रणय, नवरदेव कुठी हाय?" तो लाजला आणि म्हणाला, "सेफ्टी हाय ताई, सेफ्टी." पुढच्या रविवारी तसाच दिवा रफीकभाईंच्या सायकलवर. मी म्हटलं, आता बँड तेवढा बोलवा. दोघं आपापले ब्रेक तपासू लागले, आणि मला वाटलं मी जिंकले.



थंडीत आम्ही अहेरीपर्यंत जायचं ठरवलं. एवढा लांब पल्ला मी कधी गाठला नव्हता. आदल्या दिवशी सायकल रफीकभाईंकडे नेली. हब कोरडा पडला होता. त्यांनी तो उघडून साफ केला आणि सढळ हाताने दाट ग्रीस भरलं. स्वतः ते येणार नव्हते, त्यांच्या भाचीचं लग्न होतं.

सायकल देताना म्हणाले, "बाई, एक दिवा लावून देतो. प्रणयसारखा. दिवसा पन दिसते."

"मले दिसून राह्यलं नं सगळं. दिवा कायले?"

"तुमाले दिसासाठी नाई. तुमी दिसासाठी."

"रफीकभाई, धंदा करून राह्यले काय माझ्यासंग?"

दिवा त्यांनी परत खिळ्याला टांगला. माझी जीभ अशीच आहे. आधी चालते, लाज नंतर वाटते.



सकाळी आम्ही तिघंच. पुढे वामनभाऊ, मध्ये प्रणय, शेवटी मी. धुकं होतं. कोठारी मागे पडली, साग सुरू झाला आणि पहिल्या दगडापाशी भाऊंनी हात वर केला. प्रणयच्या चाकाचा टर्र आवाज आला. मी पायडल थांबवलं.

काहीच नाही. ग्रीसने माझं चाक मुकं केलं होतं.

आता भाऊ थांबतील म्हणून मी ब्रेकवर बोटं नेली. समोरून आवाज आला, "सगळे!" आणि भाऊ चालू लागले.

मला आधी वाटलं, अंदाजाने म्हणाले असतील. दुसऱ्या दगडापाशी मी नीट कान देऊन ऐकलं. प्रणयचं टर्र. माझं काही नाही. "सगळे!" या माणसाच्या एका शब्दावर आम्ही दर रविवारी हे जंगल पार करत होतो.

आणि तेवढ्यात चढावर माझी चेन उतरली आणि दात्यांच्या मागे अडकून बसली. "भाऊ!" मी ओरडले. "प्रणय!" प्रणय उताराला लागला होता, कानात वारा. दोघं धुक्यात शिरले, वळणाआड गेले, आणि वळणापलीकडून पुन्हा तोच आवाज आला, "सगळे!"

मी चेन ओढत होते आणि ती हलत नव्हती. फोनला रेंज नव्हती. डावीकडे सागाच्या वर वानर ओरडलं. खोकल्यासारखं, एकदा, मग लागोपाठ. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं, वानर असं कधी ओरडतं ते. खाली वाळलेल्या पानांवर काहीतरी चाललं आणि थांबलं. मी सायकल उचलून माझ्या आणि झाडीच्या मध्ये धरली. माझी लेक घरी झोपलेली होती आणि मी निघताना तिला उठवलं नव्हतं, एवढंच मनात येत होतं.

मग टर्र आवाज आला. पायडल, टर्र. पायडल, टर्र. मुद्दाम आवाज करत कुणीतरी परत येत होतं.

भाऊ एकटेच होते. त्यांनी उतरून स्वतःची सायकल माझ्या सायकलीपुढे आडवी लावली, खाली बसले आणि बोटांनी चेन सोडवू लागले. वानर परत ओरडलं, आता अगदी जवळ.

"भाऊ, वानर ओरडून राह्यलं."

ते चेनकडेच पाहत होते.

"भाऊ, वानर."

त्यांनी मान वर केली. माझ्या ओठांकडे पाहिलं. "काय?"

मी बोट दाखवलं. त्यांनी झाडावर पाहिलं, वानराचं उघडं तोंड पाहिलं, आणि तेव्हा कुठे त्यांचा चेहरा बदलला. मीही तेव्हाच समजले. चेन बसली. "चाला," भाऊ म्हणाले, आणि आम्ही शेजारी शेजारी, एकमेकांच्या हँडलला हँडल लावून त्या वळणातून निघालो. मागे काय होतं ते आम्ही पाहिलं नाही.



प्रणयला त्यांनी पुढच्या गावाच्या फाट्यावर उभं केलं होतं. गोंडपिपरीत चहाला थांबलो. प्रणय बाटल्या भरायला गेला तसे भाऊ माझ्यासमोर येऊन बसले, माझं तोंड दिसेल असे.

"दीड वर्स झालं, बाई. खाणीतल्या मशीननं खाल्ले कान. आरशात मोजतो मी. वळनावर मागचं दिसलं नाई, सवयीनंच बोलून गेलो. मंग सरळ रस्ता आला अन् आरशात प्रणयचा एकच दिवा दिसला, मागं तुमी नाई. किती वेळ झाला असंन, समजलंच नाई मले."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"घरी समजलं तं सायकल खाटेले बांधून ठेवतीन. अन् सायकल सुटली तं काय करू? चार मानसांत बसलो की सगळे हसले तवा हसा लागते. सायकलवर तसं नाई. सायकलवर मी तुमच्यासारखाच हाय."

मला फार राग आला होता. मी मरता मरता वाचले होते, निदान मला तसं वाटत होतं. आणि हा माणूस कान नसताना, एकटा, त्याच जंगलात मला शोधायला परत आला होता. राग कुठे ठेवावा ते कळेना.

"कोनाले सांगू नका," भाऊ म्हणाले. "तुमालेच सांगून राह्यलो फक्त."

मी मान डोलावली. प्रणय बाटल्या घेऊन आला आणि आम्ही अहेरीला निघालो. प्रणयला मी मध्ये ठेवलं नाही. स्वतः भाऊंच्या चाकामागे चिकटून राहिले.



दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सायकल घेऊन रफीकभाईंच्या दुकानात. वाटेत खोटं तयार केलं होतं.

"रफीकभाई, तो दिवा द्या. धुकं लय हाय आजकाल."

रफीकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. खिळ्यावरून दिवा काढला. त्याला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्यावर माझं नाव होतं.

"प्रणयचा अन् माझा आनला, तवाच तुमचा बी आनून ठेवला होता," ते म्हणाले. "ग्रीसनं चाक मुकं होईन, मालूम होतं. पन वाटलं, दिवा तं लावसानच तुमी."

"आणि लावला नाई तं?"

"चूक झाली माझी. रातभर लग्नात जेवन गेलं नाई."

मी पुढे काही विचारलं नाही. मला वचन पाळायचं होतं. रफीकभाईंनी दिवा हँडलला कसला, चालू केला, सायकल माझ्या हातात दिली आणि दुकानाच्या फळीवरून भाऊंच्या आरशासारखाच एक आरसा उचलला. तळहाताएवढा, गोल. तो घेऊन ते गल्लीच्या पार टोकापर्यंत चालत गेले, माझ्याकडे पाठ करून उभे राहिले, आरसा डोळ्यांसमोर धरून थोडा तिरपा केला, आणि हात वर केला.

"सगळे!"